आबांची खिडकीकडची जागा

माझ्या मुलीची सोयरीक जमवताना पाहुण्यांनी विचारलं, "मुलीचे वडील काय करतात?" आमच्या हिनं सरळ सांगून टाकलं, "लोकांच्या गाड्यांत पाणी शिरतं ना, ते कुठून शिरतं ते शोधतात." पाहुणे बराच वेळ चहाच्या कपाकडे बघत राहिले. त्यांना वाटलं असणार, माणसाला कामधंदा नाही आणि बायको सांभाळून घेतेय. तरी सोयरीक जमली, कारण पाहुण्यांची स्वतःचीच गाडी डिकीतून गळत होती. त्याच दुपारी ती गळती मी त्यांना अंगणात दाखवली.

मला गॅरेजवाला म्हणावं तर इंजिनातलं ओ की ठो कळत नाही. उमेदवारी केली ती पुण्यात, गाड्यांचे पत्रे ठोकण्यात. पुढं यवतला हायवेच्या कडेला शेड टाकली आणि पत्रे ठोकता ठोकता लक्षात आलं, की जुन्या गाडीवाल्यांची खरी रड पोचे नाहीत, पाणी आहे. पोचा दिसतो तरी. पाण्याचं तसं नाही. रात्री गाडी कोरडी उभी करावी, सकाळी आत पाय ठेवावा आणि मॅटमधून पचक् असा आवाज यावा. मग माणूस स्वतःवरच चिडतो, काच उघडी राहिली का म्हणून बायकोवर चिडतो आणि शेवटी माझ्याकडे येतो.

या धंद्यातली पहिली गोष्ट ही, की पाणी जिथं दिसतं तिथून ते आत आलेलं नसतं. ते टपावरून शिरतं, छताच्या अस्तरावरून सरकतं, दोन दारांमधल्या खांबाच्या पोटातून उतरतं आणि भलत्याच ठिकाणी जाऊन बसतं. म्हणून ओलं दिसेल तिथं सिलिकॉन फासणारे कारागीर मला डोळ्यांसमोर नकोत. एक वाट बुजवली की पाणी दुसरी धरतं, आणि वरून छान दिसणारा पत्रा आतून कुजत राहतो. या एका विषयावर मी भांडायला कधीही तयार असतो.

माझी पद्धत अगदी गावठी. गाडी आधी पुरती वाळवायची. मग आतले सांधे, रबरं, खांबांची बुडं, सगळीकडे अंगाला लावायची पावडर भुरभुरायची. आमच्या घरात पावडरीचा डबा टिकत नाही अशी हिची कायमची तक्रार आहे. त्यानंतर एकानं बॅटरी घेऊन आत बसायचं, दारं-काचा लावून घ्यायच्या, आणि दुसऱ्यानं बाहेरून पाइपानं पाणी सोडायचं. धार बारीक, आणि सुरुवात खालून. आधी दारांचा तळ, मग काचा, सगळ्यात शेवटी टप. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडूनच ओघळतं आणि काही म्हणता काही कळत नाही. आतल्या माणसाला पावडरीत ओला माग उमटलेला दिसला की त्यानं "आलं!" म्हणून ओरडायचं. बस्स, एवढाच धंदा. फक्त आतला माणूस जागा पाहिजे. माझ्याकडे रामसूरत नावाचा उत्तर प्रदेशातला गडी बऱ्याच वर्षांपासून आहे. हाताला सोनं, पण गाडीत बसवून दार लावलं की गारव्याला डोळा लागतो. म्हणून पाइप त्याच्याकडे आणि आत मी.

गिऱ्हाईकं एकेक नमुनेदार. एकाची गाडी भर उन्हाळ्यात गळायची, पावसाळ्यात टिपूस नाही. एमआयडीसीत नोकरीला होता, हिशेबी माणूस, त्याला झोप लागेना. एसीचं पाणी बाहेर सोडणाऱ्या नळीत कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलं होतं, ते मी तारेनं काढलं. दुसऱ्यानं गाडीत साचलेलं पाणी बाहेर जावं म्हणून ड्रिलनं गाडीच्या तळालाच भोकं पाडली होती. पाणी गेलं, पण रस्त्यावरचा फुफाटा त्याच भोकांतून आत येऊ लागला आणि घरची मंडळी लग्नाला पोचली की आधी तोंडं धुवायला पळायची. दसऱ्याला बॉनेटवर घातलेल्या हारांच्या पाकळ्या तर दर वर्षीच्या. काचेखालच्या जाळीतून आत पडतात, कुजतात, पाणी जायचं भोक बंद करतात, आणि मग पाणी पुढच्या माणसाच्या पायावर.

काही गाड्यांनी मला हरवलंही. शिरूरच्या एका मास्तरांची गाडी मी तीनदा उघडली आणि तीनदा लावली, गळती सापडली नाही. शेवटी त्यांनी ती विकली. अजून ती गाडी हायवेवरून जाताना दिसली की मी खुर्चीतून अर्धा उठतो. नव्या मालकाला थांबवून विचारावं वाटतं, आणि लाज वाटते.

माझा एक नियम आहे, गळती गिऱ्हाइकाला दाखवल्याशिवाय बुजवायची नाही. हा नियम मला केंदूरच्या एका बहाद्दरानं शिकवला. त्याची गाडी मी चोख करून दिली आणि तो महिन्यानं येऊन म्हणतो, "मामा, तुम्ही काय केलं? पाऊसच थांबला की!" माझा असा पारा चढला की सांगता सोय नाही. तेव्हापासून मालकाला आत बसवतो, पाणी सोडतो, त्याच्या तोंडून "आलं" वदवून घेतो आणि मगच हत्यार उचलतो. लोक याला माझा हेकटपणा म्हणतात. आहेच. पण तो एकदा असा कामी आला, की मी हे लिहायला बसलो ते त्याचसाठी.

भीमेच्या पलीकडून, वडगाव रासाईहून, दत्ता आणि त्याची बायको मंगल गाडी घेऊन आली. यांच्या घरात पूर्वी मेंढरं होती. दत्ताचे वडील, आबा, तरुणपणी कळपामागं कोकणापर्यंत चालत जायचे. आता नदीच्या पाण्यावर ऊस आहे आणि दारात ही जुनी, घरातली सगळी माणसं बसतील अशी, टपावर कॅरियर असलेली पांढरी गाडी. गाडी जुनी असली तरी लखलखीत धुतलेली. मला बरं वाटलं.

"मामा, मागच्या सीटला डाव्या खिडकीकडं तेवढं रेक्झिन मारून द्या," दत्ता म्हणाला.

"तेवढंच? उरलेल्या सीटनं काय घोडं मारलंय?"

मंगलनं पदर सारखा केला आणि हळू आवाजात सांगितलं, "तिथं आबा बसत्यात, मामा. वय झालंय. त्यांचं त्यांना कळत न्हाई. गाडीतनं उतरले की धोतर मागनं ओलं असतं. सीटवर पिवळं उमटतं. आम्ही कवा तोंडातनं शब्द काढला न्हाई. पण एकदा दौंडला पाव्हण्यांच्या दारात उतरले आन् तिथल्या पोरी हसल्या. तवापासनं आबा गाडीत पाय ठेवीत न्हाईत."

"दवाखान्यात नेलं का?"

"नाव काढलं की अंगावर येत्यात," दत्ता म्हणाला. "आता सोनालीचं लगीन हाय. माझी पोरगी. आबांच्या खांद्यावर वाढलेली. हॉल दौंडला. आन् आबा म्हणत्यात, मी येत न्हाई, तुम्ही उरका. पोरगी म्हणती, आबा न्हाईत तर मी हळदच लावून घेत न्हाई. दोघं बोलत न्हाईत एकमेकांशी. म्हणलं, रेक्झिन मारलं तर पुसायला बरं पडंल, कुणाला दिसणार न्हाई, आन् आबा ऐकतील."

मी रेक्झिनची कामं करत नाही. तसं सांगून मोकळा होणार होतो, पण त्या दोघांकडे बघून सांगवेना. आपल्या माणसाची अब्रू झाकायला ती दोघं नदी ओलांडून आली होती, आणि सांगताना त्यांचीच मान खाली होती. म्हटलं, बघू तरी दे.

मी सीटवर वाकून नाक खुपसलं. वास होता, कुबट, आंबूस. पण तो वास नव्हता. माझे वडील शेवटी अंथरुणाला खिळलेले होते, त्यांचं सगळं मी केलंय, तो वास मी ओळखतो. हा सडलेल्या फोमचा. वरून कापड कोरडं होतं. मी मूठ रोवून अंगाचा भार दिला, आणि कापडातून पाणी वर आलं. हात बघितला तर पिवळा.

"आबा या गाडीत शेवटचे कधी बसले?"

"कैक महिने झालं की."

"मग हे ओलं कुणी केलं?"

दत्तानंही मूठ रोवून बघितली. मी विचारलं, "गाडी आज धुतलीस?"

"व्हय, सकाळीच, बोअरच्या पाइपानं. तुमच्याकडं आणायची म्हणून. आबांना कुठं न्यायचं असलं की पयली गाडी धुतो. जुनी हाय म्हणून काय झालं."

"आणि या जागेवर दुसरं कोण बसतं?"

"कोण बसंल? आबांची जागा हाय ती. आबा नसले तर तिथं पिशव्या ठेवतो आम्ही."

सगळं तिथंच होतं. आबांचा मान म्हणून गाडी धुवायची, आबांचा मान म्हणून ती जागा दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. धुतलेलं पाणी कुठून तरी येऊन त्या कोपऱ्यातल्या फोममध्ये मुरायचं. वरून कोरडं. आबा येऊन बसले की त्यांच्या भारानं ते पिळून वर यायचं. दुसरं कुणी एकदा जरी तिथं बसलं असतं तरी उलगडा झाला असता. पण पिवळं का, ते मलाही कळेना. बोअरचं पाणी काही पिवळं नसतं.

स्टूल घेतलं आणि टप बघितला. टपाच्या दोन्ही कडांना पाणी वाहून न्यायला बारीक पन्हळ असते, तिच्यावर रबराची पट्टी. डावीकडची पट्टी उचकटली आणि मी तिथंच थांबलो. पन्हळ गच्च भरली होती भंडाऱ्यानं. दर सोमवतीला ही गाडी जेजुरीला जाते, तिथं माणसांवर उधळतात तसा गाडीवरही भंडारा उधळतात, आणि देवाचा म्हणून तो कुणी झटकत नाही. कॅरियरच्या मागच्या पायाखाली सांधा बुजवायचा मसाला तडकला होता. पाणी त्या भंडाऱ्यातून पाझरून तड्यातून आत, आणि खांबातून खाली सीटच्या कोपऱ्यात.

"भंडारा हाय व्हय हा?" मंगल म्हणाली. मग तिनं जे केलं, ते मला सुचलं नव्हतं. तिनं शेडमधली हात धुवायची साबणाची वडी घेतली, सीटवरच्या पिवळ्या डागावर पाणी शिंपडलं आणि साबण घासला. डाग बघता बघता लालभडक झाला. हळदीच्या डागाला साबण लागला की काय होतं, हे आपल्याकडच्या कुठल्याही बाईला सांगावं लागत नाही.

"हळद हाय ही," ती म्हणाली. "अवं, हळद हाय नुसती!" आणि टायरला पाठ टेकून ती मटकन् खाली बसली आणि रडायला लागली. "घरी आम्ही सीट कवा साबणानं धुतलीच न्हाई, मामा. आबांना दिसाया नको म्हणून आपलं चोरून फडकं मारायचं. आन् धोतर तर ते सोता धुत्यात. हौदावर जाऊन, एकटं. कुणाला हात लावू देत न्हाईत." दत्ता हायवेकडे तोंड करून उभा राहिला होता. मी चहा सांगितला. दुसरं काय करणार?

दत्तानं घरी फोन लावला. सगळं नीट, पहिल्यापासून सांगितलं. आबांचा आवाज मला लांबून ऐकू आला, "माझी समजूत काढू नगा," आणि फोन बंद. दत्ता म्हणाला, "मामा, तुम्ही गाडी करून टाका. सांगू आम्ही हळूहळू."

मी म्हणालो, "हात लावणार नाही. माझा नियम आहे. गाडी इथंच राहू दे, आबांना घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी दत्ता आबांना मोटरसायकलवर घेऊन आला. मंगल मागून एसटीनं आली. आबा उंच, वाळलेले, पांढरं स्वच्छ धोतर, लाल पागोटं. माझ्याकडे न बघता हायवेकडे बघत उभे राहिले. या माणसाला गाडीत बसा कसं म्हणायचं, मला कळेना. शेवटी मी रामसूरतची तक्रार सांगितली आणि वर गुडघ्यांची एक थाप मारली. "आबा, आत बसायला माझ्याकडे माणूस नाही. हा झोपतो. माझे गुडघे वाकत नाहीत. एवढी बॅटरी घेऊन बसता का? पाणी दिसलं की नुसतं 'आलं' म्हणायचं."

आबांनी रामसूरतला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "बसून झोपतो व्हय हा? मेंढरामागं असता तर लांडग्यानं नेला असता." बॅटरी घेतली आणि आपल्याच जागेवर जाऊन बसले. मी दार लावलं.

रामसूरतनं पाइप सोडला. आधी दारांचा तळ. आतून काही नाही. मग काचा. काही नाही. मंगलनं पदराचं टोक दातात धरलं होतं. मी या शेडमध्ये कितीतरी गाड्यांवर पाणी सोडलंय, पण "गळू दे रे देवा" असं पहिल्यांदाच म्हणालो. मग टपाचा पुढचा भाग. मग कॅरियरचा मागचा पाय.

आतून काचेवर थाप पडली. "आलं! आरं आलं, आलं! खांबाच्या बुडातनं आलं! पिवळं हाय!"

"मामा, बंद करूँ?" रामसूरतनं विचारलं.

"बंद करू नगं रं!" आतून आरोळी आली. "येऊ दे! आजून येऊ दे!"

आबा उतरले तेव्हा धोतर मागून चिंब आणि पिवळंधमक होतं. मंगल टॉवेल घेऊन धावली. तिला त्यांनी हातानंच थांबवलं. "सुनबाई, साबण दे." वडी घेऊन त्यांनी धोतराच्या ओल्या सोग्याच्या कोपऱ्यावर घासली. कोपरा लाल झाला.

"हे लाल मी घरी बघायचो," ते म्हणाले. "हौदावर. डाग काही जाईना, दर खेपेला साबण लावला की पुन्हा लाल व्हायचं. मला वाटलं, रगत जातंय पोटातनं. म्हणलं, पोरीचं लगीन होईस्तवर कुणाला सांगायचं न्हाई. डाक्टरकडं गेलो तर तो सांगंल, आन् लगीन ऱ्हाईल बाजूला."

ते गाडीत का बसत नव्हते, दवाखान्याचं नाव का काढू देत नव्हते, नातीशी का बोलत नव्हते, सगळं एकदम कळलं. हा माणूस इतके दिवस आपलं मरण हौदावर एकटा धूत होता, तेही हळदीचं.

मंगल रडत म्हणाली, "आबा, मला एकदा इचारायचं तरी! एका शब्दानं सांगितलं असतं मी."

"काय इचारू, बाई?" आबा म्हणाले. "सुनंला काय इचारू?"

मी पन्हळ खरवडायला घेतली, तशी आबांनी हात पुढं केला. ओला भंडारा चिमटीत घेऊन कपाळाला लावला आणि म्हणाले, "ह्यो फेकू नगं, कागदात बांधून दे. त्याचा काय दोस?" मग ते शेजारच्या चहाच्या टपरीकडे निघाले. मंगल टॉवेल घेऊन मागं, "आबा, गुंडाळा तरी, माणसं हायेत तिथं." आबांनी ऐकलं नाही.

टपरीवर हायवेची गर्दी होती. ट्रकवाले, पुण्याच्या बसची वाट बघणारे, कॉलेजच्या पोरी. आबा त्या सगळ्यांच्या मधोमध, पाठ रस्त्याकडे करून, उन्हात धोतर वाळवत उभे राहिले. पोरी एकमेकींना कोपरानं खुणावू लागल्या. मी शेडमधून बघत होतो. आबांनी ते पाहिलं. हातातला चहाचा कप खाली ठेवला, पागोटं नीट केलं आणि टपरीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"बघा, बघा की! लाजू नगा. गाडी गळती आमची. मी न्हाई."